रिकाम्या खोलीचा आवाज

सदर भागातल्या गॅलरीत आमच्या प्रदर्शनाच्या भिंतीवर एकट्या उत्पलाचं नाव होतं. आम्ही नेहमी जोडीनं काम करायचो. चित्रं तिची, आवाज माझे.

"माझं नाव काहून नाही वं?" मी विचारलं.

"यात तुझं काय आहे? रिकामी खोली तं आहे नुसती," ती म्हणाली आणि पाहुण्यांकडे वळली.

खोली माझी होती, नंदनवन वस्तीतली. कुणी नसताना ती कशी वाजते हे मला पकडायचं होतं, म्हणून रेकॉर्डर सुरू ठेवून, बाहेरून कुलूप लावून मी निघून गेले होते. किल्ली एकच, ती माझ्याकडे.

भिंतीवर टांगलेला, त्याच रेकॉर्डिंगचा हेडफोन मी कानाला लावला. कूलरची घरघर होती. कुलूप लागल्याचा आवाज आला, माझी पावलं जिना उतरत गेली. मग उत्पला अगदी माइकजवळ बोलली, "गेली काय वं?"

"गेली. नाव काढून टाक तिचं," कुणीतरी म्हणालं. तो आवाज माझा होता.

मी दचकून वर पाहिलं. समोर उत्पला ओठ मिटून माझ्याकडेच पाहत होती.

"हळू बोल वं," कानात माझाच आवाज कुजबुजला. "ती ऐकून राहिली."