भुंगा स्टेशनवर हरवला तेव्हा

“डोळे मीट आणि नीट आठव,” ताई म्हणाली. “स्टेशनवर हरवलास तेव्हा आजूबाजूला कोण होतं?”

भुंग्याने सायकलचं चाक फिरवायचं थांबवलं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. हात फडक्याला पुसून त्याने डोळे मिटले. लहानपणी सतत गुणगुणायचा म्हणून पडलेलं नाव चाळिशीतही त्याला चिकटून होतं. विसरभोळेपणाचा शिक्काही तसाच.

“गेल्या खेपेला काहीच आठवत नव्हतं बघ. पण आता... एक टीसी होता. चांगला लठ्ठ. त्याने मला कडेवर घेतलं. ताई, त्याच्या मिशा गालाला टोचत होत्या!”

ताईने हसू गालातल्या गालात दाबलं. ती कॉलेजात मानसशास्त्र शिकवायची. न घडलेली आठवण माणसाच्या डोक्यात रुजते का, हे तिला बघायचं होतं. म्हणून तिने आईकडून भुंग्याच्या लहानपणीच्या तीन गोष्टी फोनवर विचारून घेतल्या आणि चौथी, स्टेशनची, स्वतःच्या मनाची घुसडून दिली. आता त्या गोष्टीला मिशाही फुटल्या होत्या!

“आणि कुत्र्याने चड्डी फाडली ते?”

“ते पक्कं आठवतं.”

“मेणबत्ती खाल्लीस ते?”

“चवीसकट!”

“निळ्या तेलरंगाच्या डब्यात बसलास ते?”

“ते मात्र अजिबात नाही गं.”

“कमाल आहे तुझी! दाराला द्यायचा रंग होता तो. मी रॉकेलने पुसत होते आणि तू भोकाड पसरलं होतंस. पुढे कितीतरी दिवस तुझे कान निळे होते.”

“असतील बाबा,” भुंगा ओशाळून म्हणाला. “तू म्हणतेस म्हणजे असतीलच.”

घरात नेहमी असंच व्हायचं. कुठल्याही वादात ताईची आठवण शेवटचा शब्द ठरायची. भुंग्याची हसण्यावारी जायची.

रविवारी दोघं आईकडे जेवायला जमली. आईने जन्मभर लोकांचे कपडे शिवले होते. आजही टेबलावरचं शिवण बाजूला सारूनच तिने ताटं मांडली. जेवण आटोपतंय तोच भुंगा उठला आणि स्टेशनची गोष्ट साभिनय सांगू लागला. टीसीची डुलत डुलत चाल त्याने करून दाखवली. एव्हाना त्या टीसीने त्याला शिट्टीही वाजवू दिली होती.

ताईला राहवेना. “बस कर! अरे, तू कधी हरवलाच नाहीस. ती गोष्ट मी रचली.”

भुंगा आ वासून बघत राहिला. मग असा हसत सुटला की त्याला ठसका लागला. आई त्याची पाठ थोपटू लागली.

“मग त्या मिशा कुठून आल्या?”

“तूच लावल्यास. आठवण म्हणजे काही कपाटातला सदरा नव्हे, ठेवला तसाच बाहेर काढायला. डोक्यात नुसते तुकडे असतात. दरवेळी आपण ते नव्याने शिवतो. कमी पडेल तिथे ठिगळ लावतो, आणि आपलं आपल्यालाही कळत नाही.”

“मला आवडला होता गं तो टीसी.”

“मग ठेव की त्याला! तुझाच आहे तो.” ताई खुशीत होती. सोमवारी वर्गात सांगायला तिला घरचंच उदाहरण मिळालं होतं.

भुंगा डोळे पुसत खाली बसला. “पण आता मला सगळ्याचीच शंका यायला लागली. त्या निळ्या रंगाचीसुद्धा.”

“त्याला मी साक्षीदार आहे!” ताई म्हणाली. “आजही रॉकेलचा वास आला की तुझे ते निळे कान डोळ्यांपुढे उभे राहतात.”

आई मघापासून तोंडावर हात धरून हसत होती. तिने तो हात ताईच्या खांद्यावर ठेवला.

“रागावू नकोस हं पोरी. तू तीन गोष्टी मागितल्यास आणि मला आठवत होत्या दोनच. निळ्या रंगाची मी फोनवर बोलता बोलता रचली.”