नऊ नंबरची खाट

निशिगंधाचं डोकं पार चक्रावलं होतं. वॉर्डातल्या एका खाटेवर मेडिकल कॉलेजने विद्यार्थ्यांच्या परीक्षेसाठी हुबेहूब माणसासारखा यंत्रपेशंट झोपवला होता. त्याला घाम यायचा, नाडी लागायची, कण्हताही यायचं. तो ओळखता आला नाही, तर वॉर्डातलं अख्खं पोस्टिंग पुन्हा करायचं!

नऊ नंबरवर सोपान ढेंबरे होते. "कुठं दुखतंय, काका?"

"आधी बेंबीपाशी. मग उलटी, बारीक ताप. आता उजवीकडे खाली. दाबताना कमी, सोडताना जास्त."

अगदी पुस्तकातलं अपेंडिक्स! खरा पेशंट असं ओळीनं सांगतो होय? तो आधी मेव्हण्याच्या लग्नातल्या जेवणाला शिव्या घालतो. सापडलं यंत्र! ती खुशीत त्याच्या मानेमागे बटण चाचपू लागली.

"अहो मॅडम, पोट दुखतंय, मान नाही!" ढेंबरे कळवळले. "सकाळपासून तुमच्यातला जो तो मानच बघतोय."

"मग इतकं घडाघडा कसं सांगता?"

"सगळ्यांना सांगून सांगून पाठ झालंय, बाई!"

निशिगंधा धावत सर्जनकडे गेली. "सर, नऊ नंबर खरा माणूस आहे!"

सरांच्या हातातला चहा सांडला. "अरे देवा! ऑपरेशन थिएटर उघडायला सांग. मी तर त्याला चार्जिंगला लावायला सांगून आलोय!"