पिंपातला शिपाई

नमुन्याचा कागद टेबलावर आला आणि झेलीच्या हातातला कुंचला जागीच थांबला.

दगडावरून छापून आलेली काळी-पांढरी चित्रं रंगवायची, हे इथल्या बायकांचं काम. चित्रकार एक नमुना रंगवून देई, बाकीच्या प्रती त्याच्याबरहुकूम व्हायच्या. आजच्या नमुन्यात कपडे उकळायचं एक मोठं लाकडी पिंप होतं. पिंपात नागरिक पलटणीचा शिपाई दडून बसला होता, अख्ख्या गणवेशात. पिंपाच्या झाकणावर त्याची बायको ठाण मांडून बसली होती आणि दारातल्या हवालदाराला खो खो हसत सांगत होती, "आमचे हे? हे तर पहाटेच गेले लढायला!" फटीतून शिपायाचे गाल दिसत होते. गालांवर लालभडक कल्ले.

त्यांच्या गल्लीतल्या तुकडीत लाल कल्ल्यांचा शिपाई एकच होता. मोजे विकणारा प्रोस्पेर, झेलीचा नवरा.

"अगं बाई! ही तर तुझीच गोष्ट!" शेजारची ओर्तांस टेबल बडवत म्हणाली. "तो मेला चित्रकार त्या दिवशी कोपऱ्यात दगड तपासत बसला होता ना? सगळं ऐकलंन् की गं त्याने!"

झेलीच्या तोंडचं पाणी पळालं. जून महिन्यात शहरात दंगा उसळला, ढोल वाजला, आणि गल्लीतले सगळे दुकानदार गणवेश चढवून बाहेर पडले. प्रोस्पेर तेवढा पिंपात बसला. हवालदाराला वाटलं, हा दुसऱ्या तुकडीबरोबर गेला असेल. गोष्ट तिथेच मिटली असती, पण झेलीच्या जिभेला हाड नाही. आठवड्याभराने तिने ती इथे टेबलावर सांगितली, हवालदाराचा आवाज काढून, प्रोस्पेरच्या शिंकेसकट. बायकांची हसून हसून पुरेवाट झाली. हशा वाढला तशी गोष्ट वाढली, आणि ज्यावर हसू येत नव्हतं ते ती गाळत गेली.

आता हे उद्या चित्रांच्या दुकानाच्या काचेत लागणार. त्या काचेला अर्धं पॅरिस नाक लावून उभं असतं. लोक प्रोस्पेरच्या तोंडावर थुंकतील. भित्र्याच्या दुकानातून मोजे कोण घेणार?

तिने लाल रंगाची वाटी दूर सारली आणि कुंचला काळ्यात बुडवला.

"काळे कल्ले? मालकीण मादाम हाणील," ओर्तांस कुजबुजली.

"पाया पडते तुमच्या," झेली म्हणाली. "सगळ्याच जणी काळे करा. त्या दिवशी हसलात ना सगळ्या?"

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. मग एकेकीचा कुंचला काळ्यात गेला. मादामला घाई होती. कल्ले काळे की लाल, याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. तिने गठ्ठे बांधले आणि दुकानात पाठवून दिले. त्या रात्री झेलीला गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी कामावरून परतताना तिने काचेसमोर गर्दी बघितली. लोक पोट धरून हसत होते.

"ओळखलंत का? अहो, हा आपला टोपीवाला लक्रुआ!"

"तोच! कल्ले बघा ना, काजळ फासल्यासारखे!"

"आणि आम्हाला सांगतो, गुडघ्यात गोळी लागली. पिंपाचं झाकण लागलं असेल!"

लक्रुआला खरंच गोळी लागली होती. गल्लीतला तो एकटाच शेवटपर्यंत लढला होता आणि आता काठी टेकत चालत होता. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ते हेच. आणि तो सूळ उभा केला होता झेलीने, स्वतःच्या हाताने.

ती धावतच घरी आली. प्रोस्पेर टेबलाशी बसला होता. पुढ्यातलं सूप थंडगार झालं होतं. वाडग्याशेजारी तेच चित्र होतं.

"लक्रुआच्या दारात लोक बादल्या बडवतायत," तो म्हणाला. "दार लावून बसलाय बिचारा. बायको आतून रडतेय, रस्त्यापर्यंत ऐकू येतं."

"प्रोस्पेर, मी... तुझं नाव येऊ नये म्हणून रे..."

"कळलं मला." तो उठला आणि खुंटीवरचा कोट अंगात घालू लागला.

"कुठे निघालास?"

"काचेपाशी. पिंपात मी होतो म्हणून सांगतो."

"वेड लागलंय का तुला!" ती दाराला पाठ लावून उभी राहिली. "तुरुंगात टाकतील. दुकान बुडेल."

"बुडू दे. त्या माणसाने गुडघा दिलाय, झेली. अब्रू पण त्यानेच द्यायची का?"

मग तिला राहवेना. "मीच सांगितलं सगळ्यांना," ती हमसून हमसून रडत म्हणाली. "कामावर, हसवायला म्हणून. आग लागो माझ्या तोंडाला!"

"माहीत आहे. खोलीत आपण दोघंच तर होतो."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. त्याने हलकेच तिला बाजूला केलं आणि कडी काढली.

"काय सांगणार आहेस लोकांना?" तिने विचारलं.

"चित्रात आहे तेवढंच," प्रोस्पेर म्हणाला. "मागच्या दंग्यात तुझा भाऊ गेला, आता नवराही जाईल म्हणून तू माझे पाय धरून रडलीस, ते घरातलं घरातच राहू दे."