चारच्या भोंग्यापर्यंत

पृथ्वीराजपुढे आठच चिंचोके उरले होते. समोर सासऱ्यांच्या, म्हणजे सोपानरावांच्या मांडीशी चिंचोक्यांची ही रास! पैज साधी होती. कारखान्याचा चारचा भोंगा होईपर्यंत जावई खेळात टिकला, तर सोपानराव मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी शिरूरला लेकीकडे येणार आणि पंधरा दिवस राहणार. जावयाचे चिंचोके संपले, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.

सोपानरावांच्या लेकीचा, तेजश्रीचा, जीव टांगणीला लागला होता. आई गेल्यापासून आप्पा पाटसला एकटेच. तिला त्यांची फार काळजी वाटायची. पण लेकीकडे चला म्हटलं की त्यांचं एकच, "आमच्या सात पिढ्यांत कुणी लेकीच्या घरी मुक्काम केला न्हाई. भावकीला तोंड कसं दाखवू?"

पोकर पृथ्वीराजनेच दुपारी जेवणानंतर शिकवला होता. प्रत्येकाला दोन पत्ते वाटायचे, मग मध्ये पाच पत्ते उघडायचे; ज्याची जुळणी भारी, डाव त्याचा. दर डावाला आधीच दोन चिंचोके टाकायचे. पण आप्पांनी रमीत अख्खी आळी रडवलेली. तासाभरात गुरूची विद्या गुरूला फळली.

"अहो, चांगली पानं येईपर्यंत दम धरा," तेजश्री कुजबुजली.

"दम धरला तर चार डावांत खलास! माल कमी असला की वाट बघायची न्हाई. मधले पत्ते उघडायच्या आधीच सगळं लावायचं. समोरच्याला घाम फुटला पायजे."

हातात राजा आणि नव्वी होती. पृथ्वीराजने सगळे चिंचोके पुढे सारले. आता आप्पांनी तेवढेच लावायचे, नाहीतर डाव सोडायचा.

सोपानरावांनी आपले पत्ते नाकाशी धरून पाहिले. "न्हाई बुवा," म्हणत ते पालथे टाकले.

पुढच्या डावालाही तेच झालं. पृथ्वीराजची छाती फुगली. तिसऱ्या डावाला मात्र त्याच्या हाती दुर्री आणि पंजी आली. तरी त्याने सगळे लावले. घाम त्यालाच फुटला होता.

या वेळी सोपानराव बराच वेळ पत्ते बघत बसले. मिशीवरून हात फिरवला. "जावईबापू, तुमचा जोर हाय आज," म्हणाले आणि पत्ते पालथे ठेवले. तेवढ्यात भोंगा झाला.

पृथ्वीराज उडी मारून अंगणात गेला आणि मित्राला फोनवर आपली अक्कलहुशारी सांगू लागला. तेजश्री हसत पत्ते गोळा करू लागली. आप्पांचे शेवटचे दोन पत्ते तिने सहज उलटले. दोन्ही एक्के होते.

"आप्पा! एक्क्यांची जोडी टाकून दिली व्हय?"

"हळू बोल की," सोपानराव अंगणाकडे बघत म्हणाले. "जिंकलो असतो तर हितंच राहावं लागलं असतं."