ठेवणीतली हाक

“आता एकच ओळ हवी,” दादा म्हणाले. “दार उघडल्यावर आई लेकीला जी हाक मारते ना, ती.”

काचेच्या खोलीत सगळ्यांनी तिच्याकडे, जाहिरातींच्या ओळी लिहिणाऱ्या कॉपीरायटरकडे पाहिलं. जाहिरात कुलपांची होती. दादा म्हणजे एजन्सीचे मालक. त्यांचा एकच नियम होता. ओळ रचायची नाही, घरातून आणायची. रचलेली ओळ लोकांना वासावरून कळते. आणि घरातली ओळ आणण्यात हिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

“हिच्या घरी भिंतीसुद्धा जाहिराती बोलतात,” चित्रकार म्हणाला. सगळे हसले. ती हसली नाही.

काम तिच्या जिवाभावाचं होतं. सायकल शिकवताना बाबा मागून म्हणायचे, ‘सावकाश, मी आहे.’ ती ओळ तिने टायरवाल्यांना दिली. चौकातल्या फलकावर ती पहिल्यांदा दिसली तेव्हा तिला भरून आलं होतं. बसमधून उतरताना अनोळखी माणसं एकमेकांना तेच म्हणू लागली. शब्दाचं याहून मोठं भाग्य कोणतं? मग एकदा ती जिन्यावरून घसरली. बाबा धावत आले आणि नुसतेच उभे राहिले. ओठ हलत होते. शब्द येत नव्हते. आजीची अंगाई गादीवाल्यांकडे गेली. तेव्हापासून भाच्याच्या पाळण्याशी आजी बसते ती मुकीच.

विद्या दिल्याने वाढते म्हणतात. घरातले शब्द मात्र दिले की आटत होते. योगायोग असेल, असं तिने मनाला पुष्कळ समजावलं. आता मन ऐकेना.

आईची हाक तेवढी उरली होती. लाडाचं एक नाव. सगळ्या जगात त्या नावाने तिला फक्त आई हाक मारायची. देव्हाऱ्यातल्या दिव्यासारखं ती ते जपायची, मनातसुद्धा उगाच उच्चारायची नाही.

“ही नाही देत मी,” ती म्हणाली.

“अगं, वेडी का तू? एवढं मोठं काम. तुला भागीदार करायचं ठरवलंय मी.” दादांचा आवाज नेहमीसारखाच लोण्यासारखा होता. “एक हाक तर आहे. हाक काय संपते का?”

“संपते, दादा. तुम्हाला घरी कोण हाक मारतं?”

दादांचं हसू जागच्या जागी थांबलं. चित्रकाराने मान खाली घातली. खोलीतला प्रत्येक जण काहीतरी आठवायला लागला होता आणि कोणालाच ते आठवत नव्हतं.

तिने गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. बाहेर आली तेव्हा ऊन अजून उतरलं नव्हतं. इतकं हलकं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. नोकरी गेली तर गेली. घर राहिलं.

दार आईनेच उघडलं. हातात फोन होता आणि चेहरा फुलला होता.

“आत्ता लेकीच्या ऑफिसातून फोन आला होता,” आई म्हणाली. “तिथले दादा. किती गोड बोलतात हो! म्हणाले, लेक फार गुणाची आहे तुमची. लाडाने काय हाक मारता तिला, एवढंच विचारत होते. मी म्हटलं, त्यात काय, सांगते की.”

ती उंबरठ्यावरच थांबली.

“आई, ती हाक मला मार. एकदाच. आत्ता.”

आईने तोंड उघडलं, मिटलं. अनोळखी गल्लीत घर शोधावं तशी तिची नजर लेकीच्या चेहऱ्यावरून फिरली. मग ती अदबीने बाजूला झाली आणि तिने दार सताड उघडलं.

“उभ्या का? या ना, बसा. आमची लेक येईलच एवढ्यात.”