चराईबंदी

“नत्थुजी, आत्ताच्या आत्ता ढोरं बाहेर काढा!” सिंधूताई लांबूनच ओरडल्या. नाल्याकडच्या बाजूला कुरणाची तार तोडलेली होती आणि आत नत्थुजींच्या वीस-बावीस गाई खुशाल चरत होत्या.

सिंधूताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अकोल्याच्या कॉलेजात शिकवता शिकवता त्यांनी या कुरणासाठी जिवाचं रान केलं होतं. दसऱ्याच्या सुमारास भोवत्या नावाचे शिकारी पक्षी हजारो मैलांवरून इथे येतात आणि संध्याकाळी गवतात, जमिनीवरच मुक्कामाला उतरतात. ढोरांनी त्यांना उठवू नये म्हणून ताईंनी ग्रामपंचायतीचे उंबरठे झिजवले, चराईबंदी करून घेतली, वर्गणी काढून तार ओढली. बंदीच्या आधी एका संध्याकाळी चाळीस पक्षी मोजले होते. गेल्या वर्षी नऊ. यंदा पाच संध्याकाळी ताई रस्त्याच्या बाजूला दुर्बीण घेऊन बसल्या, एकही उतरला नाही. कारण आज सापडलं होतं.

“लाज नाही वाटत? मी इथे मरमर मरते आणि तुम्ही मागून तार तोडता! उद्या तक्रारच करते तुमची.”

नत्थुजी ऐकून घेणाऱ्यातले नव्हते. “खुशाल करा! पंधरा दिस झाले तोडून. दोन वर्सं ढोरं नाही आली, तं गवत गळ्याइतकं झालं, वेड्या बाभळी माजल्या. तिथं माणूस घुसत नाही, पाखरू बसन कुठं? माह्यावर कावून चिडून राहिल्या? वर पाहा.”

दिवस बुडत होता. उत्तरेकडून एक भोवत्या आला. मागून तीन, मग आठ-दहा, मग येतच राहिले. रस्त्याकडच्या उंच गवतावर त्यांनी दोन घिरट्या घातल्या, पण खाली कोणी उतरलं नाही. नत्थुजींनी गाई हळूच कडेला वळवल्या. पक्षी सरळ ताईंच्या डोक्यावरून आले आणि गाईंनी चरून ठेवलेल्या गुडघाभर गवतात एकामागून एक उतरले. ताईंनी सवयीने मोजले. सव्वीस. राखलेल्या गवतात एकही नव्हता.

सिंधूताईंचा राग तसाच होता. तो काढायला आता स्वतःशिवाय दुसरं कोणी उरलं नव्हतं.

“सकाळी पक्कड घेऊन या,” त्या नत्थुजींवरच खेकसल्या. “उरलेली तार मी तोडते.”