ईस्टरचं टरबूज
जेलमधून सुटून आलेल्या माणसांना यंदा ईस्टरच्या दिवशी एकेका घराने जेवायला बोलवावं, असं फादरनी सुचवलं. पॅट्रिकने लगेच हात वर केला आणि शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोने, स्टेलाने, त्याची बाही खाली ओढली. त्यांच्या वाट्याला देवमन आला. त्याने सख्ख्या भावाला भोसकलं होतं. "शिक्षा भोगून आला ना तो," पॅट्रिक म्हणाला, "मग आपण काहून पुन्हा द्यायची?" तरी ईस्टरच्या सकाळी स्टेलाने घरातल्या साऱ्या सुऱ्या कपाटात साड्यांखाली दडवल्या. देवमन मान खाली घालून जेवला, आपलं उष्टं ताट स्वतः स्वयंपाकघरात ठेवून आला. मग पॅट्रिकने फ्रिजमधलं टरबूज टेबलावर आणलं. "सुरी कुठं आहे वं?" स्टेलाने आत जाऊन साड्यांखालून एक काढून आणली. "देवमनभाऊले दे. आज पाहुण्याच्याच हातानं कापू." स्टेलाची मूठ काही उघडेना. देवमन खुर्ची मागे सारून उठला, थेट भिंतीला जाऊन टेकला. "नको जी. मले सुरीचं भेव लागते. मघाशी ताट ठेवायले गेलो, तुमच्या सयपाकघरात एकबी सुरी दिसली नाही, तवा कुठं जिवात जीव आला होता." त्याची नजर तिच्या हातावरून हलत नव्हती. स्टेलाने खाली पाहिलं. सुरीचं टोक त्याच्या पोटाकडे होतं.